देशी गुलाबाची जेली घरी करताना: पाकळ्या निवडण्यापासून बाटली बंद करेपर्यंत

फुलांची जेली बिघडते ती जवळपास प्रत्येक वेळी एकाच कारणाने. लोकांना वाटतं की पाकळ्या, साखर आणि पाणी आटवलं की आपोआप जेली जमणार, कारण गुलकंदही पाकळ्या आणि साखरेचाच होतो ना. पण गुलकंदात पाकळी स्वतः असते, जेलीत पाकळीचं फक्त पाणी असतं, आणि त्या पाण्यात जमण्यासारखं काहीच नसतं. पेरूत, आवळ्यात, कवठात पेक्टिन, म्हणजे जेली जमवणारा पदार्थ, भरपूर असतं म्हणून त्यांची जेली नुसत्या साखरेवर जमते. गुलाबाच्या पाण्यात ना पेक्टिन ना आंबटपणा. फूल वास आणि रंग देतं, बाकी सगळं आपल्याला बाहेरून घालायचं आहे, मोजून घालायचं आहे आणि ठरलेल्या क्रमाने घालायचं आहे. मोजमाप आणि क्रम ही दोनच ठिकाणं आहेत जिथे घाई नडते.

खाली देशी गुलाबाचं माप दिलंय, साधारण १ किलो जेलीचं. जास्वंद आणि गोकर्णाला काय बदलायचं ते शेवटाकडे.

आधी सामान, सगळं वजनावर

- देठ काढून साफ केलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या: ६० ते ७० ग्रॅम (फुलाच्या आकारावर आहे, पण २५-३० फुलं तरी लागतात)
- फिल्टरचं पाणी: ५५० मिली
- साखर: ६५० ग्रॅम
- ताज्या लिंबाचा गाळलेला रस: ५० मिली (कागदी लिंबं ३ ते ४)
- पेक्टिन पावडर: ८ ग्रॅम

साखर वाटीने मोजू नका, प्लीज. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि जेलीत साखर ५०-६० ग्रॅमने जरी इकडची तिकडे झाली तरी फरक दिसतो. डिजिटल वजनकाटा नसेल तर कुणाकडून तरी एका दिवसापुरता मागून आणा, तो या कामात पातेल्याइतकाच लागतो.

पेक्टिन बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. घेताना पाकिटावर दोन गोष्टी बघा: आयएनएस ४४० (पेक्टिनचा पाकिटावर छापतात तो क्रमांक) लिहिलेलं आहे का, आणि ते "हाय मेथॉक्सिल" म्हणजे एचएम प्रकारचं आहे का. एलएम (लो मेथॉक्सिल) प्रकारचं पेक्टिन कमी साखरेच्या जॅमसाठी असतं, त्याला जमायला कॅल्शियम लागतं, ते या मापात चालणार नाही. चायना ग्रास (आयएनएस ४०६) आणि जिलेटिन हे तर पूर्ण वेगळे पदार्थ आहेत, त्यांनी पुडिंगसारखं थरथरणारं काहीतरी होतं, पावावर पसरणारी आणि महिनोन्महिने टिकणारी जेली होत नाही. काही पाकिटांत पेक्टिनमध्ये आधीच साखर किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं, तसं असेल तर ८ ग्रॅम पुरणार नाही, पाकिटावरचं माप धरा.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आणि निदान ४ लिटरचं. एवढुशा जेलीला एवढं मोठं कशाला असं वाटेल, पण साखर घातल्यावर हे प्रकरण दुधासारखं वर येतं आणि लहान पातेल्यात तुम्ही घाबरून गॅस बारीक करता, तिथेच जेली फसते. ॲल्युमिनियम, बिनकल्हईचं पितळ किंवा लोखंड नको, लिंबाच्या आंबटपणाने रंग काळवंडतो आणि धातूची चव उतरते.

पाण्याबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागतं. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बऱ्याच घरांत बोअरचं पाणी वापरतात आणि ते जड असतं. जड पाण्यात गुलाबाचा रंग मळकट निळसर-राखाडी उतरतो. धुवायला बोअरचं चालेल, अर्काला मात्र फिल्टरचं किंवा जारचंच घ्या.

१. फुलं: कुठली घ्यायची, कुठली हातही लावायची नाहीत

हवा तो गावठी, वासाचा गुलाबी गुलाब, ज्याचा गुलकंद करतात तोच. हारात ओवतात ते किंवा बुकेतले लांब दांड्याचे डच गुलाब दिसायला सुंदर असतात पण त्यांना वास जवळपास नसतो, आणि मुख्य म्हणजे ते खाण्यासाठी पिकवलेले नसतात. त्यांच्यावर कीडनाशकाच्या फवारण्या झालेल्या असतात आणि झाडात भिनणारं औषध पाकळ्या दहा वेळा धुतल्या तरी जात नाही. सिद्धेश्वर मंदिराजवळ फुलवाल्यांकडे टोपली भरून गुलाब दिसले की मोह होतो, पण ती देवाला वाहायची फुलं आहेत, पोटात घालायची नाहीत. स्वतःच्या कुंडीतली, ओळखीच्या बंगल्यातली किंवा गावाकडच्या शेताच्या बांधावरची, जिथे फवारणी झाली नाही हे तुम्ही स्वतः विचारून घेतलंय, तीच घ्या. नर्सरीतून नुकतं आणलेलं रोप असेल तर त्याचा पहिला बहर सोडून द्या.

फुलं एका दिवसात पुरेशी जमत नसतील तर रोजच्या पाकळ्या साफ करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकत जा. रंगाला, वासाला फार काही होत नाही.

तोडायची वेळ सकाळची, दव सुकल्यावर पण ऊन चढायच्या आत. थंडीत आपल्याकडे आठ-साडेआठपर्यंत चालतं, मार्चनंतर त्याहून लवकर उरका, कारण सोलापूरच्या उन्हात तासाभरात पाकळीतला वास उडून जातो. अर्धवट ते नुकतंच पूर्ण उमललेलं फूल घ्यायचं, पाकळ्या गळायला लागलेलं नको.

सावध: कण्हेर (लाल, पांढरी, पिवळी कुठलीही), धोतरा, रुई, सदाफुली, घाणेरी ही फुलं विषारी आहेत. कण्हेरीचा परिणाम थेट हृदयावर होतो. चाफा आणि तगरसुद्धा यात आणू नका, देठ तोडला की पांढरा चीक येतो ते फूल स्वयंपाकघरात नकोच. देवाला चालतं म्हणजे खायला चालतं असं अजिबात नाही. ओळख शंभर टक्के पटली नसेल तर ते फूल बाजूला.

२. पाकळ्या साफ करणं

फूल मुठीत धरून देठाकडून पिळलं की पाकळ्यांचा गुच्छ एकदम सुटून येतो. आता तो गुच्छ तसाच चिमटीत धरा आणि उजेडात बघा: प्रत्येक पाकळीच्या तळाशी जिथे ती फुलाला चिकटलेली होती तिथे एक छोटा पांढरट-पिवळसर त्रिकोण दिसेल, थोडासा जाड. तो कडू असतो. कात्रीने एका फटक्यात सगळ्या गुच्छाचा तेवढा भाग कापून टाका. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक जण सोडून देतात आणि मग जेली खाल्ल्यावर घशात मागे एक कडवट चव राहते, तेव्हा दोष लिंबाला देतात.

मग पाकळ्या पसरट परातीत टाकून हलवा, मुंग्या आणि बारीक किडे बाहेर येतात. गार पाण्यातून दोनदा काढा, गाळणीत निथळा. चोळायचं नाही, भिजत ठेवायचं नाही.

तपासा: वजन आता करायचं, देठ आणि पांढरा भाग गेल्यावर.

३. अर्क काढणं

पाणी उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातल्या पाकळ्यांवर ओता आणि लगेच झाका. पाकळ्या गॅसवर उकळायच्या नाहीत, उकळल्या की वास वाफेबरोबर जातो आणि तुरटपणा उतरतो. तीन-चार तास झाकून ठेवलं की पुरे, रात्रभर ठेवायचं असेल तर गार झाल्यावर फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवलं तर सकाळी आंबूस वास येईल.

पाकळ्या फिकट, मेणचट पांढऱ्या झाल्या की अर्क उतरला. या वेळी पाण्याचा रंग बघून नाउमेद होऊ नका, तो फिकट तपकिरी-जांभळट, चहाच्या धुवणासारखा असतो. लिंबू पडलं की बघा.

गाळायला चक्का टांगायचं स्वच्छ फडकं ओलं करून, पिळून घ्या आणि त्यातून अर्क आपोआप गळू द्या. पिळायचं नाही. पिळलं की चोथ्याचे बारीक कण उतरतात आणि जेली कायमची गढूळ होते, नंतर कितीही फेस काढला तरी ती आरपार दिसत नाही. गळालेला अर्क मोजा, ४५० मिली पाहिजे. कमी असेल तर त्याच पाकळ्यांवर थोडं गरम पाणी टाकून भर घाला, जास्त असेल तर जास्तीचा सरबताला वापरा, जेलीत "असू दे थोडा" म्हणून ओतू नका.

४. शिजवण्याआधीची तयारी

हा टप्पा लोक शिजवता शिजवता करायला बघतात, पण तेव्हा हात रिकामा नसतो. गॅस पेटवायच्या आधी एवढं झालेलं असलं पाहिजे:

बाटल्या. २०० मिलीच्या चार काचेच्या बाटल्या, साबणाने धुऊन, मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून १० मिनिटं उकळत्या पाण्यात. जेली तयार होईपर्यंत त्या गरम पाण्यातच राहू द्या, गार बाटलीत गरम जेली ओतली की काच तडकते. लोणच्याच्या जुन्या बाटल्या काचेच्या दृष्टीने चालतील पण झाकण नवीन घ्या, झाकणाच्या आतल्या रबरात लोणच्याचा वास बसलेला असतो तो जात नाही आणि गुलाबाची वाट लागते.

पेक्टिन. ६५० ग्रॅममधली ५० ग्रॅम साखर बाजूला काढून तिच्यात ८ ग्रॅम पेक्टिन कोरडंच नीट मिसळा. नुसतं पेक्टिन पाण्यात टाकलं तर बाहेरून ओलं आणि आत कोरडं अशा गुठळ्या होतात, त्या मग फुटत नाहीत. साखरेच्या दाण्यांनी पेक्टिन सुटं राहतं.

पातेल्याचं वजन. वजनकाट्यावर पोळपाट ठेवा, काटा शून्यावर आणा, वर रिकामं पातेलं ठेवून वजन कागदावर लिहा. समजा ९०० ग्रॅम आलं. जेली तयार झाली की पातेल्यासकट वजन १९०० ग्रॅम भरलं पाहिजे, कारण ६५० ग्रॅम साखर १ किलोत असली की ६५ टक्के होते आणि हे पेक्टिन त्याच सुमाराला नीट जमतं. पोळपाट यासाठी की गरम पातेलं थेट काट्यावर ठेवलं तर काटा खराब होतो. तापमापकापेक्षाही मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते, वजन खोटं बोलत नाही.

५. शिजवणं: क्रम बदलायचा नाही

(क) पातेल्यात अर्क आणि लिंबाचा रस एकत्र करा. मळकट पाणी डोळ्यांदेखत गुलाबी होतं. झालं नाही तर लिंबू कमी पडलंय किंवा पाणी जड होतं, चमचाभर रस वाढवा.

(ख) अर्क कोमट ते गरम झाला, म्हणजे बोट घालवणार नाही पण उकळीही नाही, की पेक्टिन-साखरेचं मिश्रण एका हाताने भुरभुरवत दुसऱ्या हाताने व्हिस्कने किंवा रवीने हलवत राहा. मग उकळी येऊ द्या आणि पूर्ण १ मिनिट उकळा.

तपासा: चमचा बुडवून त्याची पाठ उजेडात बघा. बारीक पारदर्शक दाणे दिसत असतील तर पेक्टिन विरघळलेलं नाही, अजून हलवा. दाणे दिसत असताना पुढे जायचंच नाही, कारण एकदा साखर पडली की दाट पाकात पेक्टिन विरघळत नाही. पेक्टिन शेवटी टाकणाऱ्यांची जेली पातळ राहते ती याचमुळे.

(ग) आता उरलेली ६०० ग्रॅम साखर, दोन-तीन वेळा करून. विरघळेपर्यंत हलवा, पातेल्याच्या कडांना चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने आत ढकला, नाहीतर तेच पुढे बाटलीत खडे धरतात.

(घ) गॅस मोठा. आता अशी उकळी हवी की ढवळलं तरी ती बसत नाही. शेंगदाण्याएवढं तूप टाकलं तर फेस आटोक्यात राहतो. साधारण ४ ते ६ मिनिटं लागतात पण घड्याळावर विसंबू नका, चौथ्या मिनिटाला गॅस बंद करून वजन करा, जास्त असेल तर परत चढवा. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं रटरटवत बसलात तर पेक्टिन तुटतं, वास जातो, रंग विटकरी होतो.

तापमापक वापरत असाल तर हे लक्षात घ्या: इंटरनेटवरच्या रेसिप्या १०४-१०५ डिग्री सांगतात, ते समुद्रसपाटीचं माप आहे. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी साधारण ९८.५ डिग्रीला उकळतं. जेली पाण्याच्या उकळण्याच्या साडेचार डिग्री वर तयार होते, म्हणजे आपल्याकडे १०३. हट्टाने १०५ पर्यंत नेली की ती चिवट होणार. आधी नुसतं पाणी उकळून तुमचा तापमापक काय दाखवतो ते बघून घ्या.

आणि पाकाची सवय असलेल्यांना मुद्दाम सांगतो, बोटात तार बघू नका. एकतारी पाकाची खूण इथे लावली तर जेली जास्त शिजलीच म्हणून समजा. खूण वेगळी आहे: फ्रीजरमध्ये ठेवलेल्या गार बशीवर अर्धा चमचा टाका, मिनिटभर थांबा, बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की झालं. कालथ्यावरून पडताना थेंब सुटे न पडता दोन थेंब एक होऊन पापुद्र्यासारखे गळतात, तीही खूण चालते.

सावध: उकळती जेली अंगावर उडाली तर चिकटून बसते, पाण्यापेक्षा जास्त भाजते. लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा आणि गरम पातेलं काट्यावर नेताना सांडशी नको, दोन्ही हातांनी जाड फडक्याने धरा.

दुप्पट माप एका पातेल्यात करू नका. उकळी यायला आणि आटायला दुप्पट वेळ लागतो, तोवर पेक्टिनची ताकद जाते. जास्त हवी असेल तर दोनदा करा.

६. बाटलीत भरणं

गॅस बंद, फेस चमच्याने काढा (तो पोळीला लावून खायला मस्त लागतो, टाकू नका), आणि पाच मिनिटांच्या आत भरायला सुरुवात. उशीर केलात तर पातेल्यातच जमायला लागते आणि मग ओतताना तुकडे-तुकडे, हवेचे बुडबुडे. वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा, झाकण लावा.

मग बाटल्या परत उकळत्या पाण्यात, झाकणावर दोन बोटं पाणी राहील अशा, १० मिनिटं. समुद्रसपाटीला ५ मिनिटं सांगतात, आपल्या उंचीला १० धरायची. काढून जुन्या जाड टॉवेलवर ठेवा, थेट कडप्प्यावर नको, गार दगडावर बाटली तडकते.

आता हात लावायचा नाही. २४ तास. गुलाबाची जेली कधीकधी ४८ तास घेते. जमली का बघायला दर तासाला बाटली वाकडी करणाऱ्यांची जेली अर्धवट जमलेली असताना मोडते आणि मोडलेली परत तशी जुळत नाही. उन्हात तर मुळीच ठेवू नका, ती गुलकंदाची रीत आहे, इथे फक्त रंग उडेल.

तपासा: गार झाल्यावर झाकणाच्या मधोमध दाबा. टक्क आवाज होऊन वरखाली झालं तर हवा बंद झालेली नाही, ती बाटली फ्रीजमध्ये आणि महिन्याभरात संपवा. आवाज न येणारी बाटली अंधाऱ्या, गार जागी वर्षभर राहते. गार जागी म्हणजे पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नाही, एप्रिल-मेमध्ये तिथे जेली पातळही होते आणि तपकिरीही. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरा.

जास्वंद आणि गोकर्ण असेल तर

जास्वंद लाल, पाच पाकळ्यांची, १५-२० फुलं. हिरवा भाग आणि मधला परागाचा दांडा काढायचा. जास्वंदीत बुळबुळीत चीक असतो त्यामुळे गरम पाण्यात २०-३० मिनिटंच, चार तास ठेवलंत तर अर्क फडक्यातून उतरणारच नाही. रंग लिंबाने लालभडक होतो, स्वाद मात्र बेताचा, म्हणून आल्याचे दोन काप अर्कात टाका.

गोकर्ण निळी, ताजी ४०-५० फुलं किंवा वाळलेली ८-१० ग्रॅम. निळा रंग लिंबू पडताच जांभळा होतो, निळी जेली हवी म्हणून लिंबू कमी करू नका, जमणारच नाही. वास नसतो, तेव्हा निम्म्या गुलाबाच्या पाकळ्या मिसळल्या तर छान. गरोदर असाल तर गोकर्ण टाळा.

पेक्टिन मिळालंच नाही तर लक्ष्मी मंडईतून कच्चट, पिवळे व्हायच्या आधीचे पेरू आणा, काप करून बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास शिजवून, न पिळता रात्रभर फडक्यात टांगा. अर्काच्या जागी निम्मं हे पाणी आणि निम्मा फुलांचा अर्क, पण मग अर्क दुप्पट दाट काढावा लागतो आणि पेरूचा वास गुलाबाच्या वर येतोच. जास्वंदीला हे जास्त शोभतं.

बिघडली तर

४८ तासांनंतरही पातळ: सगळी परत पातेल्यात. २ ते ३ ग्रॅम पेक्टिन २० ग्रॅम साखरेत मिसळून ६० मिली गरम पाण्यात वेगळं विरघळवा, १ मिनिट उकळा, एक चमचा लिंबाचा रस आणि मग जेली घालून मोठ्या उकळीवर मिनिट-दोन मिनिटं. नव्याने गरम केलेल्या बाटल्यांत भरा. हे एकदाच करता येतं.

रबरासारखी चिवट: जास्त आटली किंवा पेक्टिन जास्त पडलं. चहाचा अर्धा कप पाणी घालून हळू गरम केली तर सिरप म्हणून दुधात, फालुद्यात वापरता येते.

पाणी सुटलंय: बहुतेक वेळा लिंबू जास्त झालेलं असतं. खायला हरकत नाही, लवकर संपवा.

साखरेचे खडे: कडेचे कण आत गेले नाहीत किंवा फार आटली. साखरेऐवजी खडीसाखर घातली तरी चालते पण बारीक कुटून आणि वजनावर. गूळ नको, गुळाच्या वासापुढे गुलाब टिकत नाही.

वर बुरशीचा ठिपका: वरचा थर काढून खाली चांगली आहे म्हणून खाऊ नका, पूर्ण बाटली टाका. बुडबुडे किंवा दारूसारखा वास आला तरी तेच.